चित्र प्रोग्राममध्ये कोंबायचं की कार्डावर ठेवायचं?

ईएसपी३२ (प्रोग्राम चढवता येणारा छोटा, स्वस्त कंट्रोलर बोर्ड) आणि ३२० बाय २४० ठिपक्यांचा रंगीत स्क्रीन घेऊन हातात मावेल असं काही करायला बसलात, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच. चित्रं सी-अ‍ॅरे, म्हणजे सी भाषेतली आकड्यांची यादी करून प्रोग्राममध्येच घालायची, की जेपेग म्हणून एसडी कार्डावर ठेवायची? मी दोन्ही करून पाहिलंय.

माझं काम केळीचं. चोपड्याच्या मामांच्या मळ्यात मजूर बदलत असतात. पानावर दिसतोय तो बुरशीचा करपा की सीएमव्ही हा विषाणूचा रोग, हे फोटोशी ताडून बघता यावं, एवढीच या डबीची नोकरी. मोबाईल का नाही, तर मामा म्हणतात, मोबाईल हातात दिला की माणूस पानाकडे बघतच नाही.

अ‍ॅरेचं कौतुक आधी करतो. बटण दाबलं की चित्र हजर. फाइल सापडली का, उघडली का, ही भानगड नाही, आणि गाडीच्या डिकीत आदळून निखळेल असंही काही नाही. जागेची ओढाताण होते हे खरं: पूर्ण स्क्रीनचं एक चित्र १,५३,६०० बाइट खातं, आणि ४ एमबीच्या बोर्डावर नेहमीचीच पार्टिशन, म्हणजे मेमरीची वाटणी, ठेवली तर प्रोग्रामच्या वाट्याला जेमतेम १.२५ एमबी येतात. माझं सातव्या चित्राला अडलं. पण पार्टिशन बदलली की ३ एमबी मिळतात, त्यामुळे जागेसाठी मी अ‍ॅरे सोडली असं म्हणणार नाही.

सोडली ती रंगांपायी. या स्क्रीनवर एक रंग दोन बाइटांत बसतो: लाल ५ बिट, हिरवा ६, निळा ५. पिवळा म्हणजे हेक्स आकड्यांत एफएफई०. बाइट उलटे पडले की त्याचं ई०एफएफ होतं, आणि तो निघतो भडक जांभळा. पिकलेल्या घडाचा फोटो पहिल्यांदा लावला तेव्हा मामा डबी हातात घेऊन म्हणाले, "भाचा, हाई वांगं शे का?" तेही आपल्या भरिताचं हिरवं नव्हे, परमुलखातलं जांभळं. हिरवी पानं लालभडक झाली होती ती वेगळीच.

स्क्रीनच्या लायब्ररीतलं सेटस्वॅपबाइट्स, म्हणजे बाइटांची अदलाबदल करणारी सोय, चालू केलं की हे सुटतं, हे मलाही ठाऊक होतं. पण माझी निम्मी चित्रं फोटोची अ‍ॅरे करून देणाऱ्या एका कन्व्हर्टरमधून काढलेली, निम्मी मित्रानं दुसऱ्यातून काढून दिलेली, आणि दोघांचा बाइटांचा क्रम वेगळा. चालू केलं की घड पिवळा आणि मेनूतली चिन्हं बिघडलेली. बंद केलं की उलट. नुसतं अ‍ॅरे बघून काही कळत नाही, आकड्यांचा नुसता ढीग. मग एक चित्र बदला, सगळा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा, केबल लावा, चढवा, बघा. जळगावच्या मे महिन्यात, पंख्याखाली, एक अख्खा रविवार यात गेला.

जेपेगला हा क्रम डिकोडरपाशी, म्हणजे फाइल उलगडून रंग काढणाऱ्या लायब्ररीपाशी, एकदाच सांगावा लागतो. मग चित्र कुठूनही येवो, पिवळं ते पिवळंच.

कार्डाचीही कटकट आहे, नाही असं नाही. चित्र चौकोना-चौकोनानं भरत येताना डोळ्याला दिसतं. मी वापरतो त्या टीजेपीजी डिकोडरला प्रोग्रेसिव्ह जेपेग (आधी धूसर, मग टप्प्याटप्प्यानं स्पष्ट होणारं) चालत नाही. कोणी तसा फोटो दिला की स्क्रीन काळाच राहतो, म्हणून सेव्ह करताना ती खूण काढायची. आणि सेव्ह करताना रंगाच्या तपशिलाची सेटिंग ४:२:० ठेवलीत तर तो तपशील आडवा आणि उभा, दोन्हीकडे निम्म्यावर येतो. सीएमव्हीचे पानावरचे बारीक पिवळे पट्टे त्यात हिरव्यात मिसळून गेले, आणि आमच्या डबीला तेच तर दाखवायचे होते. ४:४:४, म्हणजे रंगाचा पूर्ण तपशील, केल्यावर पट्टे परत आले, फाइल थोडी फुगली. कार्डाच्या खाचेत धूळ बसते, अधूनमधून काढून पुसावं लागतं.

तुमची चित्रं पाच-सहाच असतील, एकाच हातानं केलेली आणि कधी न बदलणारी, तर अ‍ॅरेत काही वावगं नाही. माझी बॅटरीची आणि बाणाची चिन्हं आजही अ‍ॅरेच आहेत. फोटो असतील, आणि ते बदलणार असतील, तर मी आपला कार्डाकडे जाईन.

मागच्या आठवड्यात मामांच्या पोरानं करप्याचा फोटो स्वतःच बदलला. नाव तेच, माप तेच ठेव, एवढंच फोनवर सांगावं लागलं.