थ्रीडी अलाइनमेंट: कागदावर सगळं हिरवं, तरी एसयूव्ही भटकतेच

रस्ता सरळ आहे, वारा नाही, तरी स्टीअरिंगला सतत डावीकडे-उजवीकडे हलकासा हात द्यावा लागतो. एसयूव्हीची ही तक्रार घेऊन कुठेही जा, सल्ला एकच मिळतो: थ्रीडी अलाइनमेंट, म्हणजे कॅमेऱ्याने चाकांचे कोन मोजून जुळवणं, करून घ्या. मोजमापाचं साधन म्हणून ही सेवा उत्तम आहे. इलाज म्हणून तिचा उपयोग किती होईल, ते गाडी रॅकवर (अलाइनमेंटच्या उंच फलाटावर) चढवण्याआधी खालून कोणी पाहिली का आणि कास्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागचा झुकाव) खरोखर मोजला का, यावर ठरतं. या दोन्ही गोष्टी सर्रास गाळल्या जातात.

काउंटरवर नुसतं 'अलाइनमेंट' असं लिहून घेणारं दुकान सुरुवातीलाच एक गुण गमावतं. गाडी ओढणं आणि गाडी भटकणं हे दोन वेगळे आजार आहेत. ओढणारी गाडी नेहमी एकाच बाजूला जाते. दोन चाकांच्या कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कास्टरमधला फरक, अडकलेला ब्रेक किंवा टायरची सदोष बांधणी ही त्याची नेहमीची कारणं. पुढचे दोन टायर आपसांत बदलून ओढ उलट्या बाजूला गेली, तर दोष टायरचाच. भटकणारी गाडी दोन्हीकडे जाते. तिच्यामागे कमी पडलेला कास्टर, टो-आउट (पुढून एकमेकांपासून फाकलेली चाकं) किंवा कुठल्यातरी सांध्यातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो. तिसराही एक प्रकार आहे: वळवलं तिथेच स्टीअरिंग राहतं, आपोआप मध्यावर येत नाही. हे बहुधा घट्ट झालेल्या बॉल जॉइंटचं किंवा स्टीअरिंग शाफ्टच्या गंजलेल्या युनिव्हर्सल जॉइंटचं काम. रॅकवर कितीही आकडे जुळवले तरी ते सुटत नाही.

रॅकवर चढवण्याआधीची तपासणी जेमतेम दहा मिनिटांची असते. थंड टायरमध्ये हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरायची. विशेषतः मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर मागची बाजू झोके घेते आणि चालकाला ते स्टीअरिंगमध्ये जाणवतं. मग चाकं जमिनीवर, इंजिन चालू आणि एकाने आत बसून स्टीअरिंग घड्याळाच्या ११ ते १ इतकंच भरभर हलवायचं. दुसऱ्याने खाली बोट लावून एकेक सांधा पाहायचा: टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक), ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, स्टीअरिंग बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट. रॉड हलतो पण पुढचा भाग क्षणभर उशिरा हलतो, तिथे प्ले आहे. गाडी जॅकवर असताना हा प्ले लपतो, म्हणून वजन चाकांवर हवंच. जॅकवर वेगळी चाचणी करायची: चाक ९ आणि ३ वर धरून हललं तर टाय रॉडचा संशय, १२ आणि ६ वर हललं तर बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. यातलं काही ढिलं असताना घेतलेलं रीडिंग टिकत नाही, कारण गाडी हलली की आकडाही हलतो. ढिला भाग दाखवून 'आधी हा बदला, अलाइनमेंट नंतर' असं म्हणणाऱ्या दुकानाला पुढच्या वेळीही गाडी द्यायला हरकत नाही.

मशीनबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. रिमवर टार्गेट (कॅमेरा ओळखतो ते खुणांचे फलक) बसवायची, गाडी थोडी मागे-पुढे ढकलायची, मग कॅमेरे रिमचा वाकडेपणा वजा करून कोन काढतात. चुका होतात त्या बसवण्यात. क्लॅम्पचा एक पंजा रिमच्या कडेवर नीट न बसता वजनाच्या पट्टीवर टेकला, पुढच्या चाकांखालच्या फिरत्या टर्नटेबलच्या पिना काढायच्या राहिल्या किंवा जॅकवरून उतरवल्यावर सस्पेन्शन दोनदा दाबून बसवलं नाही, तर स्क्रीनवर दिसणारा दुसरा दशांश निव्वळ शोभेचा.

भटकणाऱ्या गाडीच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा आकडा कास्टरचा. चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष वरच्या बाजूला मागे झुकलेला असतो. त्यामुळे टायर जमिनीला टेकतो ती जागा अक्षाच्या किंचित मागे राहते आणि चालत्या गाडीचं चाक स्वतःच सरळ होऊ पाहतं. कास्टर घटला की ही ओढ घटते. उंची वाढवलेल्या एसयूव्हीत नेमकं हेच होतं. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) आणि मागे जाणारे आर्म असतील, तर स्प्रिंग उंच केल्यावर आर्म खाली झुकतात आणि अख्खा अ‍ॅक्सल पुढे लोटांगण घालतो. ढोबळमानाने दर इंचामागे पाऊण ते एक अंश कास्टर जातो, आर्म आखूड असतील तर त्याहून जास्त. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत फक्त मागची बाजू उचलली तरी हा फटका बसतो: व्हीलबेस २७०० मिलिमीटर आणि मागे ५० मिलिमीटर उंची वाढवली, तर गाडी नाकावर झुकून कास्टर सुमारे १ अंशाने उतरतो.

कास्टर चाकं सरळ ठेवून थेट मोजता येत नाही. ब्रेक पेडल दांडीने दाबून ठेवायचं, मग चाकं दोन्ही बाजूंना ठरलेल्या अंशांपर्यंत वळवायची आणि त्या फिरवण्यातून मशीन कास्टर काढतं. हे फिरवणं वगळलं की पडद्यावरचा कास्टरचा रकाना रिकामा राहतो, आणि गिऱ्हाइकाला हिरवा, म्हणजे मर्यादेत बसलेला, टो दाखवून कागद हातात ठेवला जातो. गाडी पंधरा-वीस मिनिटांत खाली उतरली तर बहुधा एवढंच झालेलं असतं.

रीडिंगमध्ये कास्टर कमी आला तर तो वाढवायचा कसा, हे गाडीच्या बांधणीवर आहे. लोअर आर्मवर कॅम बोल्ट असतील तर ते फिरवून. नसतील तर ऑफसेट बुश किंवा अ‍ॅडजस्टेबल आर्म घालून, आणि पुढे स्प्रिंगचे पाटे असतील तर अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पाचर घालून. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये एक अडचण आहे: कास्टर वाढवायला अ‍ॅक्सल मागे फिरवला की पिनियनचं (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या भागाचं) तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्ट थरथरू शकतो. त्यामुळे कास्टर जास्तीत जास्त रेटण्यापेक्षा गाडी सरळ चालेल तिथे थांबणारा मेकॅनिक शहाणा. डाव्या-उजव्या कास्टरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवावा. गाडी कमी कास्टरच्या बाजूला ओढते. आर्मचे बोल्ट शेवटी कसताना गाडी स्वतःच्या वजनावर उभी हवी. लटकत्या अवस्थेत कसले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकचा एकच खांब असलेल्या) बऱ्याच एसयूव्हींमध्ये कास्टर जुळवायची सोयच नसते. लाल आकडा पाहून 'यात होत नाही' असं उत्तर मिळतं. ते खरं असलं तरी अपुरं आहे. अशा वेळी एसएआय (वळण्याच्या अक्षाचा समोरून दिसणारा आतला कल) आणि इन्क्लुडेड अँगलचं (एसएआय अधिक कॅम्बर) पान मागून घ्यावं. एसएआय बरोबर पण कॅम्बर चुकलेला असेल तर नकल (चाक धरणारा भाग) किंवा स्ट्रट वाकल्याचा संशय. दोन्ही एकाच मापाने उलटसुलट चुकले असतील तर सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) सरकली असण्याची शक्यता. हे पान छापून देणारी दुकानं कमी, आणि फरक कळतो तो इथेच.

टो सगळ्यात शेवटी, कारण कास्टर-कॅम्बर हलवला की टो बदलतोच. मागचा अ‍ॅक्सल जुळवता येत असेल तर तो त्याआधी. मागे सॉलिड अ‍ॅक्सल असला तरी चारही चाकांवर टार्गेट हवीत, नाहीतर थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीला कुठल्या दिशेने ढकलतात तो कोन, कळत नाही. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला असेल किंवा मागचे बुश संपून अ‍ॅक्सल स्वतःच गाडी वळवत असेल, तर पुढे केलेली सगळी मेहनत वाया जाते.

टोचे आकडे फसवे दिसतात. ७०० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर ०.१० अंश म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर. काही मशीनं दशांशात दाखवतात, काही अंश-मिनिटांत. ०°१०′ म्हणजे ०.१७ अंश, ०.१० नव्हे. चुकीचं एकक निवडलं की गाडी बिनबोभाट चुकीची बसते. टो-आउट झालेल्या पुढच्या चाकांपैकी ज्यावर वजन येईल ते गाडीला आपल्या बाजूला नेतं, म्हणून खड्ड्यागणिक गाडी दिशा बदलते. यावर उपाय म्हणून मर्यादेपलीकडे टो-इन दिला तर टायर करवतीसारखे झिजतात.

प्रत्यक्ष काम करताना मेकॅनिकच्या हाताकडे पाहावं. लॉकनट सैल करायच्या आधी स्टीअरिंग रॅकच्या रबरी बूटची क्लिप सोडली का? नाही सोडली तर रॉड फिरताना बूट पिळला जातो आणि पुढे फाटतो. लॉकनट कसताना टाय रॉड एंड दुसऱ्या पान्ह्याने धरला का? नाही धरला तर एंड वळून बसतो आणि आकडा सरकतो. कसून झाल्यावर पुन्हा रीडिंग पाहणारा माणूस मिळाला तर काम चांगल्या हातात आहे. सॉलिड अ‍ॅक्सलवर टो टाय रॉडच्या स्लीव्हने (फिरवून लांबी बदलणाऱ्या नळीने) होतो, तर स्टीअरिंग मध्यावर आणायचं काम ड्रॅग लिंकच्या स्लीव्हचं. या दोन्हींची गल्लत केली की टो बरोबर आणि स्टीअरिंग तिरकं अशी गाडी घरी येते.

एका गोष्टीला मात्र साफ नकार द्यावा: 'थोडा प्ले आहे, काढून टाकतो' म्हणत स्टीअरिंग बॉक्सवरचा स्क्रू जागेवरच फिरवणं. ते काम ड्रॅग लिंक सोडून, मध्यावरचा घट्टपणा मोजत करायचं असतं. जरा जास्त कसला की स्टीअरिंग मध्यावर अडकतं, परत येत नाही आणि गाडी आधीपेक्षा जास्त भटकते. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या गाडीत टो झाल्यावर स्टीअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो. लेन धरून ठेवणारा कॅमेरा असेल तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे त्याचं कॅलिब्रेशनही. हे नसेल होत तर आधीच विचारून दुसरीकडे जावं.

पैसे देण्याआधी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही रकाने भरलेला कागद घ्यावा आणि त्यात दोन्ही बाजूंचा कास्टर आहे का ते बघावं. मग मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारावी. रस्त्याला उतार कडेकडे असतो, त्यामुळे जाता-येता किंवा दोन्ही लेनमध्ये चालवून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. एका लेनमध्ये डावीकडे आणि दुसऱ्या लेनमध्ये उजवीकडे किंचित कलणारी गाडी ठीक आहे. दोन्हीकडे भटकणारी गाडी परत रॅकवर न्यायची, आणि या वेळी सुरुवात पॅनहार्ड रॉडच्या बुशपासून करायची.