किल्ल्याची मोजणी: टेप की ड्रोन?

संवर्धन आराखड्याचा विषय निघाला की मंडळातली तरुण पोरं ‘ड्रोन फिरवू’ म्हणतात आणि आमच्या वयाची माणसं कपाटातली तीस मीटरची टेप शोधायला लागतात. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो. तुमचा किल्ला त्या बारांत नाही, त्याचा धड नकाशा कुणाकडे नाही, हाताशी आठ-दहा माणसं आणि थोडी वर्गणी आहे, असं धरून लिहितो. दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण ड्रोनवर अन्याय करायचा नाही.

त्याची बाजू आधी. कड्याच्या टोकावरचा बुरूज बाहेरून कसा आहे, तटाला फुगवटा कुठे आलाय, कुठला चिरा निसटायच्या बेतात आहे, हे टेपवाल्याला दोरावर लटकल्याशिवाय कळत नाही. ड्रोन ते काही मिनिटांत दाखवतो. (कड्याला आग्या मोहोळ असेल तर मात्र त्या बाजूला त्याला फिरकूही देऊ नका.) आणि मोकळ्या रणभूमीसाठी तर टेपचा विचारही करू नये. जालना जिल्ह्यातलं असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीची लढाई झाली ती केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मध्ये उतार, नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा, असणारच, असं ताडून त्यानं फौज पलीकडे नेली. इथे जपायचं काय, तर नदीचं वळण, तो उतार आणि मधली चढण. वास्तू म्हणावी असं फारसं नाहीच. एवढा पसारा आणि त्यात पडत जाणारी नवी बांधकामं वरूनच नीट कळतात.

किल्ल्यावर मात्र मला झाडी नडली.

सह्याद्रीतला दुर्लक्षित किल्ला वरून पाहिला तर करवंदीच्या जाळ्या, घाणेरी आणि कारवी. पावसाळ्यानंतर गवत छातीला लागतं. उन्हाळ्यात ते वाळतं, पण करवंद बारमाही हिरवीगार. फोटो जुळवून जे त्रिमितीय मॉडेल तयार झालं, त्यात वाड्याच्या जोत्याच्या जागी आम्हाला एक हिरवी उशी मिळाली. संगणकाला दिसतो तो झाडाचा शेंडा, आणि तीच जमीन समजून तो उंची काढतो. लायडार, म्हणजे लेझर किरण सोडून अंतर मोजणारं यंत्र, झाडीतून बऱ्यापैकी खाली बघतं, पण त्याचं भाडं छोट्या मंडळाला झेपणारं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण चित्र स्वच्छ यावं म्हणून कुणीतरी हमखास सुचवतं, ‘आधी सगळं साफ करून घेऊ.’ इथे माझं डोकं फिरतं. तटात रुजलेला पिंपळ उपटला की मुळांनी धरून ठेवलेला चुना आणि दोन-चार चिरे त्याच्याबरोबर बाहेर येतात. तो वरून छाटायचा, बुंध्याला औषध लावायचं, मुळं जागच्या जागी मरू द्यायची आणि मग चुन्यानं सांधे भरायचे, असं ते धीराचं काम आहे. जोत्यावरची माती फावड्यानं ओढली की खापरं, कौलांचे तुकडे, राख, कशावर काय होतं ते कायमचं गेलं. शिवाय किल्ला संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथली माती हलवता येत नाही. अशा किल्ल्यावर ड्रोन उडवायलाही परवानगी लागतेच. तो अगदी हलका, २५० ग्रॅमच्या आतला असला तरी.

टेपला एवढी सफाई लागत नाही. कोयत्यानं माणूस जाईल एवढी वाट पाडायची, टेपेचं टोक जाळीत सरकवायचं, जोत्याची कड हाताला लागते. आणि हात फिरवताना बाकीचंही सापडत जातं: दरवाज्यामागची अडसराची खोबण, टाक्याच्या काठावरचे खांबांचे खळगे, गाळानं बुजलेली पन्हळ. राजगडच्या संजीवनी माचीत दुहेरी तटाच्या मधल्या पोकळीत उतरणारे जिने आहेत. तिथे आत काय आहे हे पाहायला माणसालाच उतरावं लागतं.

टेपचे दोष मला माहीत आहेत. वाऱ्यावर ती झोळ खाते. उतारावर जमिनीलगत धरली की अंतर जास्त भरतं, त्यामुळे एक टोक उचलून, ओळंबा सोडून आडवं अंतरच घ्यावं लागतं. गडाला फेरी मारून आलात की आकृतीची दोन टोकं जुळत नाहीत आणि फरक कुठे पडला यावर भांडणं होतात. लेझर मीटर घेतलात तर भर उन्हात त्याचा ठिपकाच दिसत नाही. कंटाळवाणं काम आहे, निम्मी माणसं तिसऱ्या रविवारी येत नाहीत. ज्यांच्याकडे माणसं टिकत नाहीत त्यांनी ड्रोनकडे वळावं, त्यात काही कमीपणा नाही.

पण शक्य असेल तर कागदावरचा नकाशा आधी तयार होऊ द्या. मग मार्चच्या सुमाराला, गवत वाळल्यावर, ड्रोनवाल्याला बोलवा आणि कड्याच्या बाजूचे बुरूज तेवढे त्याच्याकडून करून घ्या. उघड्यावरच्या जोत्यांसाठी सकाळी लवकर उडवायला सांगा, तिरप्या उन्हात त्यांच्या कडा उठून दिसतात. आणि पैसे देण्याआधी सगळे मूळ फोटो आपल्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या, नुसतं मॉडेल घेऊ नका.