छोट्या ट्रॅक्टरला गिअर घ्यावा की हायड्रोस्टॅटिक?

लोडर लावून माती, शेणखत इकडून तिकडे करायचं असेल तर मी डोळे झाकून हायड्रोस्टॅटिक (गिअर बदलण्याऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) म्हणेन, कारण लोडरच्या कामात दर अर्ध्या मिनिटाला पुढे-मागे करावं लागतं आणि गिअरवाल्यात प्रत्येक वेळी क्लच दाब, गिअर बदल, क्लच सोड, तासाभरात डावा गुडघा बोलायला लागतो. हायड्रोस्टॅटिकमध्ये पाय पेडलवर, हलका दाबला की हळू, सोडला की थांबला, भिंतीजवळ बोटभर सरकवायचं तरी जमतं. शिवाय गवत कापताना दाट पट्टा आला तर वेग कमी होतो पण इंजिनाचा आरपीएम तोच, त्यामुळे पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवरच फिरतो.

पण नांगरट किंवा लांबलचक ओढकाम असेल तर गिअरच बरा. हायड्रोस्टॅटिकमध्ये ताकद पंप आणि मोटरमधल्या तेलातून जाते, थोडी उष्णतेत वाया जातेच, म्हणून तेवढ्याच एचपीचा गिअरवाला जास्त ओढतो, डिझेलही कमी पितो. किमतीलाही स्वस्त. क्लच प्लेट मात्र कधीतरी बदलावी लागते, तर दुसरीकडे तेल-फिल्टरमध्ये कंजूषी केलीत तर पंपच बसतो, आणि तो खर्च फार जड!

बाकी हायड्रोस्टॅटिकलाही लो-हाय रेंज असते, चढावर लो टाकायला विसरू नका.