हायब्रिड गाडी: १४ महिने आणि १७,४०० किलोमीटरनंतर

२०२४च्या दसऱ्याला आम्ही स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची इलेक्ट्रिक मोटरही असलेली गाडी, घरी आणली. मधल्या आकाराची एसयूव्ही, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन. माझा रोजचा रस्ता कोथरूड ते हिंजवडी, आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा ताम्हिणीमार्गे चिपळूण, कारण आई-बाबा तिकडे असतात. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते गाडीपेक्षा या तंत्राबद्दल जास्त आहे.

आधी एक सांगतो, कारण शोरूममध्ये इथेच घोळ होतो. माइल्ड हायब्रिडमधली छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन पूर्ण बंद ठेवून मोटर गाडी चालवू शकते. मला एका ठिकाणी माइल्डवाली 'हायब्रिडच आहे साहेब, एकच गोष्ट' म्हणून दाखवली होती. एकच गोष्ट अजिबात नाही. विचारायचा प्रश्न साधा आहे: ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद असताना गाडी पुढे सरकते का, आणि एसीचा कॉम्प्रेसर तेव्हा चालतो का?

आमच्या गाडीत दोन्ही होतं, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं सुख आहे. मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीतून निघालं की वाकडच्या पुलापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. जुन्या मॅन्युअल गाडीत क्लच दाबून डावा पाय भरून यायचा. घरी पोचल्यावर कुणाशी बोलायची इच्छा नसायची. आता इंजिन बंद, एसी गार, आणि गाडी आवाज न करता हात-दोन हात पुढे जाते. सात-आठ मिनिटांनी बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, दोन-तीन मिनिटं चार्ज करतं, पुन्हा गप्प. घरी पोचेपर्यंत अंगात थोडी ताकद उरलेली असते. याची किंमत मला पैशात मांडता येत नाही, पण मुलीचा अभ्यास आता मी घेतो, हे खरं आहे.

आता ॲव्हरेज. दर वेळी टाकी फुल करून, वहीत लिहून काढलेले आकडे आहेत, स्क्रीनवरचे नव्हेत. स्क्रीन माझ्या गाडीत लिटरमागे एक-सव्वा किलोमीटर जास्त दाखवते. शहरात २३ ते २४. चिपळूणच्या फेरीला चार माणसं आणि सामान घेऊन २०च्या आसपास. मुंबईला एक्सप्रेस वेवरून शंभरच्या वेगाने गेलो तर १८-१९. कागदावरचा दावा २७च्या वर होता. तो मला एकदाही मिळाला नाही. १४ महिन्यांची सरासरी २१.८.

पहिल्यांदा हे उलटं वाटतं. आयुष्यभर आपण ऐकत आलो की हायवेला ॲव्हरेज वाढतं, शहरात पडतं. इथे शहरात वाढतं, कारण प्रत्येक सिग्नलला ब्रेक मारताना जी शक्ती एरवी ब्रेकच्या उष्णतेत जाते, ती मोटर जनरेटरसारखी वीज बनवून बॅटरीत भरते. हायवेला ब्रेकच लागत नाही, तर परत मिळणार काय? तिथे गाडी जवळपास निव्वळ पेट्रोलवर धावते आणि मोटर-बॅटरीचं वजनही सोबत असतं.

पैशांचा हिशोब असा. याच गाडीची पेट्रोल ऑटोमॅटिक ऑफिसमधल्या मित्राकडे आहे, जवळपास याच रस्त्यावर चालते. त्याला साडेबारा मिळतं. १७,४०० किमीला त्याचं पेट्रोल साधारण १,३९० लिटर, माझं ८०० लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर १४ महिन्यांत साधारण ६१,००० रुपये वाचले. आमच्या दोघांच्या ऑन रोड किमतीतला फरक पावणेतीन लाख. म्हणजे फरक भरून निघायला सव्वापाच वर्षं, कर्जाचं व्याज न धरता. मी गाडी दहा वर्षं वापरतो म्हणून मला हे परवडतं. चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याला परवडणार नाही.

घाटाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण विकताना याबद्दल मला कुणी बोललं नाही. बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यांचा नियम: चढताना जो गिअर, उतरताना तोच. पहिल्याच फेरीत ताम्हिणी उतरताना ते शेजारी बसले होते. सुरुवातीला छान चाललं होतं, उतारावर बॅटरी भरत होती. पण ही बॅटरी लहान असते. आमच्या गाडीत एका युनिटपेक्षाही कमी वीज मावते. निम्म्या घाटातच ती भरली. भरल्यावर मोटरला वीज ठेवायला जागा उरत नाही, मग गाडी रोखण्याचा भार साध्या ब्रेकवर येतो. पेडल थोडं वेगळं लागायला लागलं आणि बाबा लगेच म्हणाले, "ब्रेकवर नको उतरवूस, इंजिनाला धर." गिअरच्या दांड्यावर 'बी' असं अक्षर आहे, ते मी तोवर वापरलंच नव्हतं. तिथे टाकल्यावर इंजिन एकदम मोठ्याने घोंघावायला लागलं. आई घाबरली. मला वाटलं काहीतरी बिघडलं. नंतर कळलं की तेव्हा पेट्रोल जळत नसतं. नुसतं इंजिन फिरवून जादा शक्ती खर्च केली जाते. आता घाटमाथ्यावरच मी 'बी'ला टाकतो आणि बाबा काही बोलत नाहीत.

चढण ही या गाडीची कमजोर बाजू. भरलेल्या गाडीने परत येताना माथ्याच्या आधीच बॅटरी तळाला जाते, मग इंजिन एकटं झगडतं. आवाज खूप वाढतो, वेग त्या मानाने वाढत नाही. समोर डंपर असला तर ओव्हरटेकसाठी नेहमीपेक्षा लांब मोकळा रस्ता दिसल्याशिवाय मी बाहेर निघत नाही.

एकदाच मोठा मनस्ताप झाला. दिवाळीत तीन आठवडे गाडी पार्किंगमध्येच उभी होती. परत आलो तर दरवाजेही बटणाने उघडेनात. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती इंजिनाला सेल्फ मारत नाही, पण गाडीची सगळी यंत्रणा तीच जागी करते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही. सर्व्हिस सेंटरचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, त्याच्याकडे केबलही नव्हत्या. शेवटी सोसायटीतल्या एकाच्या गाडीवरून जंप देऊन सुरू केली. आता गाडी ठेवून गावाला जाताना शेजारच्या काकांकडे चावी देऊन जातो. ते आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालू (स्क्रीनवर 'रेडी') करून ठेवतात, तेवढं पुरतं.

बाकी तक्रारी लहान. बॅटरीमुळे डिकी लहान झाली आहे. दोन मोठ्या बॅगा आणि आईने दिलेली तांदळाची गोणी एकत्र मावत नाही. मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी आहे, तिच्यावर पिशव्या टेकवून चालत नाही आणि सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्यावी लागते. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने हात लावायचा नाही, ते काम प्रशिक्षित माणसाचंच. मोठ्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी आहे. त्याबद्दल मला फारशी धास्ती नाही. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ला आली, तंत्र नवखं नाही.

मग सरळ इलेक्ट्रिकच का नाही घेतली? सोसायटीत चार्जर लावायला परवानगी मिळाली नाही, आणि चिपळूणला जाताना वाटेत थांबायची आई-बाबांच्या वयात हौस उरत नाही. पण सरकारी सवलतींच्या बाबतीत हायब्रिडवाला कोरडाच राहतो. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला रोड टॅक्स माफ; मी पेट्रोलवाल्यासारखा १२ टक्के भरला. उत्तर प्रदेशाने २०२४मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, आपल्याकडे तसं झालं नाही. २०२५च्या ऑगस्टपासून एक्सप्रेस वेवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल नाही, मला आहे. सप्टेंबर २०२५मध्ये एवढ्या आकाराच्या हायब्रिडवरचा जीएसटी (सेस धरून) ४३वरून ४० टक्के झाला, इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे. शहराच्या गर्दीत निम्मा वेळ इंजिन बंद ठेवणाऱ्या गाडीची यात कुठेच दखल नाही, हे मला खटकतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांनी विचारलं, घेऊ का हायब्रिड? ते रोज वनाझहून मेट्रोने कामाला जातात, गाडी फक्त शनिवार-रविवार साताऱ्याला नेतात, तीही हायवेने. मी वही काढून त्यांना हायवेचे आकडे दाखवले. त्यांनी साधी पेट्रोल मॅन्युअल बुक केली.