ह्वांगल्यान कॅप्सूल: चार महिन्यांच्या वापरानंतर

सोनोग्राफीत ग्रेड दोनचे फॅटी लिव्हर निघाल्यावर, डॉक्टरांना विचारून आणि दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी करून घेत, मी ह्वांगल्यान या चिनी औषधी वनस्पतीच्या अर्काच्या कॅप्सूल चार महिने घेतल्या. एक कॅप्सूल उघडून पाहिली तेव्हा आतली गर्द पिवळी पूड बोटांना चिकटली आणि दोनदा साबण लावूनही तो रंग गेला नाही. जिभेवर कणभर ठेवल्यावर, मुका ह्वांगल्यान खातो पण कडूपणा सांगू शकत नाही, ही चिनी म्हण नेमकी कशावरून आली असेल ते कळले.

हा रंग आणि कडूपणा बर्बेरिन या वनस्पतीतल्या रसायनाचा. आपल्या दारुहळदीतही तेच असते. सोबतच्या माहितीपत्रकात ‘रक्तात झटपट शोषले जाते’ असे छापले आहे आणि ते साफ चुकीचे आहे. तोंडावाटे घेतलेल्या बर्बेरिनपैकी एक टक्काही रक्तात पोहोचत नाही. बाकीचे आतड्यातच राहते, आणि माझ्या मते या औषधाची खरी गोष्ट तिथेच आहे. आतड्यातले काही जीवाणू त्याचे रूप बदलून ते शोषण्याजोगे करतात आणि उलट बर्बेरिनही तिथल्या जीवाणूंचे आपसातले प्रमाण बदलते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येत असल्यामुळे, जीवाणूंनी तयार केलेले बरे-वाईट सगळे आधी यकृतालाच सोसावे लागते. 2019 मध्ये चिनी संशोधकांनी तर आतड्यात मद्यार्क तयार करणाऱ्या क्लेब्सिएला जीवाणूंचा फॅटी लिव्हरशी संबंध दाखवून दिला.

परिणामाविषयी सांगायचे तर माझे एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे एन्झाइम, 78 वरून 49 वर आले. मात्र याच काळात माझे वजनही चार किलोने उतरले, त्यामुळे सगळे श्रेय कॅप्सूलला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 184 रुग्णांवरच्या 16 आठवड्यांच्या चिनी चाचणीत केवळ आहार-व्यायामापेक्षा बर्बेरिनची जोड दिलेल्या गटात यकृतातली चरबी अधिक घटली होती. पण तिथे मात्रा ठरलेली होती, 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. पहिले दोन आठवडे मला पोटात मुरडा आणि बद्धकोष्ठता यांचा त्रास झाला. जेवणानंतर घेऊ लागल्यावर तो कमी झाला.

माझी मुख्य तक्रार लेबलविषयी आहे. त्यावर ‘अर्क 500 मिलिग्रॅम’ एवढेच लिहिले आहे. त्यात बर्बेरिन किती, हे कुठेही नाही. कंपनीला दोनदा ईमेल करूनही उत्तर आले नाही. गर्भवतींनी आणि सायक्लोस्पोरिनसारखी (रोगप्रतिकारशक्ती दाबणारी) औषधे घेणाऱ्यांनी सावध राहावे, ही अत्यावश्यक सूचनाही दिलेली नाही. याहून गंभीर म्हणजे बाटलीसोबत भेट म्हणून आलेल्या ‘यकृत टॉनिक’च्या बारीक अक्षरांतल्या घटकांत ह शौ वू होते. याच वनस्पतीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि ब्रिटनच्या औषध नियामकांनी 2006 मध्येच तसा इशारा दिला होता. आधीच सुजलेल्या यकृताच्या माणसाला ते भेट म्हणून पाठवणे मला अक्षम्य वाटते.

बर्बेरिनचे नेमके प्रमाण आणि जड धातूंच्या तपासणीचा अहवाल देणारे दुसरे उत्पादन मिळाले तर मी डॉक्टरांना विचारून ते पुन्हा घेईन. या कंपनीच्या उरलेल्या दोन बाटल्या आणि ते टॉनिक मी परत पाठवले आहे.