रडारचा कोन चुकतो तेव्हा: फ्लक्सगेट की उपग्रह होकायंत्र?

बोटीच्या पडद्यावर रडारचं चित्र होकायंत्राच्या दिशेनं नकाशावर चढवलं जातं. त्यात रडारवरचं खांदेरी बेट नकाशावरच्या खांदेरीशेजारी उमटलं, की आधी बोट वेगवेगळ्या दिशांना वळवून बघा. प्रत्येक दिशेला चूक तितकीच राहिली तर दोष अँटेनाच्या किंवा होकायंत्राच्या बसवणीचा. रडारच्या मेनूत नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) रेघेची, नाहीतर होकायंत्राच्या कोनाची दुरुस्ती केली की झालं. दिशेप्रमाणे चूक बदलली, तर गडबड होकायंत्रात. ही पायरी गाळून आकडे फिरवत बसणं मला धोक्याचं वाटतं: ३ सागरी मैलांवर ५ अंशांची चूक म्हणजे साधारण ४८५ मीटर.

फ्लक्सगेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चुंबकीय होकायंत्र, स्वस्त. पण ते चुंबकीय क्षेत्र मोजतं. इंजिन, स्पीकरचं चुंबक, शेजारी ठेवलेली हत्यारांची पेटी, सगळं त्याला भुलवतं. शांत पाण्यात बोट सावकाश गोल फिरवून कॅलिब्रेशन, म्हणजे बोटीवरच्या लोखंडामुळे येणाऱ्या चुकीची दुरुस्ती, करावंच लागतं.

उपग्रह होकायंत्र दोन किंवा अधिक अँटेनांवरून खरी उत्तर दिशा काढतं, बोट उभी असतानाही. वर मोकळं आकाश मात्र हवं. पोलादी ट्रॉलरवर मी हेच बसवेन. फायबरच्या लहान होडीला नीट बसवलेलं फ्लक्सगेट पुरतं. साध्या जीपीएसची दिशा यांच्याऐवजी जोडू नका. भरती-ओहोटीच्या ओढीत बोट जाते एकीकडे, नाळ असते दुसरीकडे.