पहिला क्रमांक ‘स्पिरिटेड अवे’लाच

ॲनिमेशनपटांच्या माझ्या यादीत जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) पहिला, आणि तो ऑस्करमुळे नव्हे. त्यातली छोटी नायिका चिहिरो पाण्यावरून आगगाडीने जाते तो प्रसंग पाहा: संवाद जवळजवळ नाहीत, तरी पोर मोठी झालेली दिसते.

दुसरा ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८). सेकंदाला २४ फ्रेम. पण नवख्या स्पायडर-मॅनचं, माइल्सचं, चित्र दर दोन फ्रेमनी बदलतं, म्हणजे १२च चित्रं. म्हणून जंगलात झोके घेताना तो मुरलेल्या स्पायडर-मॅनपुढे, पीटरपुढे, अडखळतो; पीटरचं चित्र दर फ्रेमला बदलतं. टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’ (मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) चालू असेल तर ही सगळी करामत पुसली जाते. ते आधी बंद करा.

तिसऱ्यावर वाद होणारच. १९८८मध्ये जपानात एकाच दिवशी आलेल्या दोन चित्रपटांपैकी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ मी ‘माय नेबर टोटोरो’च्या वर ठेवेन. लहान मुलांना मात्र ‘टोटोरो’च दाखवा.